बेटावरचं हॉटेल मिटताना

पहिल्या सकाळी जाग आली ती खुर्च्या ओढल्याच्या आवाजानं. डोळे उघडायच्या आधीच कळलं, खाली आवराआवर चाललीय. लाकडी आरामखुर्ची दगडी फरशीवरून ओढली की एक आवाज येतो आणि ती दुसरीवर चढवली की दुसरा, जरा बोदा. हे दोन्ही आवाज मी गेली एकोणीस वर्षं दर मेअखेरीस आमच्या अंगणात ऐकत आलेय. या वेळी मी अंगणात नव्हते. क्रीट या ग्रीक बेटावर, एलुंडाच्या खाडीकाठी, इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती अशा पांढऱ्याशुभ्र चादरीत पडले होते आणि दुसऱ्या कोणाचा तरी सीझन संपत होता.

आमचं मालवणजवळ पाच खोल्यांचं होमस्टे आहे. पाहुण्यांसाठी रांधणं, चादरी धुणं, किल्ल्याच्या होडीच्या वेळा सांगणं, हेच आमचं जगणं. लेक जर्मनीत स्टुटगार्टला असते. ती दोन वर्षं मागे लागली होती. शेवटी यंदा म्हणाली, "आई, तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या चादरी बदलल्यास. पाच रात्री तुझी चादर दुसरं कोणीतरी बदलू दे." दिवाळीनंतरची गर्दी सोडून निघायला माझा पाय उचलत नव्हता. पण दीर आणि जाऊबाई म्हणाले, आम्ही बघतो, तुम्ही जा. भाऊबीज करून आम्ही दोघं निघालो.

हॉटेल लेकीनं निवडलं होतं. समुद्राच्या उतारावर दगडी बंगले, प्रत्येकाला स्वतःचा छोटा तलाव, संगमरवरी न्हाणीघर. ऑगस्टमधला दर तिनं मला फोनवर दाखवला तेव्हा मी मनातल्या मनात आमच्या खोलीच्या किती रात्री होतील ते मोजलं आणि मोजणं अर्ध्यावर सोडून दिलं. ऑक्टोबरच्या शेवटी तोच दर निम्म्याहून खाली आला होता. आम्ही निघायचं त्याच्या दुसऱ्या दिवशी हॉटेल बंद होणार होतं, ते थेट एप्रिलपर्यंत. म्हणजे आम्ही त्यांचे शेवटचे पाहुणे.

पोचलो तो दिवस २६ ऑक्टोबर, रविवार. त्याच पहाटे युरोपातली घड्याळं एक तास मागे गेली होती, त्यामुळे साडेपाचलाच काळोख व्हायला लागला. इराक्लिओच्या विमानतळापासून सत्तरेक किलोमीटरचा रस्ता. डोंगरउतार सगळे ऑलिव्हच्या झाडांनी भरलेले आणि माती कोरडी ठणठणीत, आपल्याकडच्या एप्रिलसारखी. गाडीवाल्यानं सांगितलं की आज संत दिमित्रीचा सण. त्या सुमारास थंडी सुरू व्हायच्या आधी चार दिवस पुन्हा ऊन पडतं, त्याला ते लोक संत दिमित्रीचा छोटा उन्हाळा म्हणतात. पूर्वी मेंढपाळांचे आणि गड्यांचे करार एप्रिलातल्या संत जॉर्जच्या सणापासून या सणापर्यंतच असायचे. आज दिमित्री, म्हणजे हिशेब पुरा, माणूस मोकळा. मी पुढच्या सीटकडे वाकून ते सगळं लेकीकडून दोनदा समजून घेतलं. आमच्याकडेही मिरग लागला की होडीवरचा गडी हिशेब करून घरी जातो.

पुढचं लिहिताना मला थोडं स्पष्ट बोलायला हवं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला सांगण्यात आलं की वरचे बंगले बंद करायला घेतलेत, तेव्हा तुम्ही खालच्या रांगेत जा. सामान भरा, पुन्हा उघडा. त्याच वेळी कळलं की मोठं रेस्टॉरंट आधीच बंद झालंय, मालिश वगैरेचा विभागही बंद, आणि जेवण आता न्याहारीच्या दालनातच मिळेल. बुकिंग करताना यातलं एक अक्षर लेकीला कोणी सांगितलं नव्हतं. तिचा चेहरा लाल झाला. ती तिच्या कमाईतून आम्हाला आणत होती, तिला वाटलं आपण फसलो.

मला त्या हॉटेलचं काम आवडलं, त्यांची माणसं तर फारच आवडली, तरी हे चुकलंच असं मी म्हणेन. आमच्याकडे जूनमध्ये कोणी फोन केला तर मी पहिल्या वाक्यात सांगते: किल्ल्याच्या होड्या बंद आहेत, समुद्रात उतरता येणार नाही, ताजी मासळी मिळेलच असं नाही, वीज जाते. एवढं ऐकूनही जो येतो, तो पाऊस बघायलाच येतो आणि खूश होऊन जातो. न सांगता कमी दिलं की दर निम्मा असूनही माणूस नाराज होतो. पाहुण्याला आधी सांगणं, यात पैसा लागत नाही. लेकीनं हे सगळं रिसेप्शनवरच्या मुलीला शांतपणे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, माफी मागितली आणि आम्हाला खालच्या रांगेतला अगदी टोकाचा बंगला दिला. पायऱ्या उतरल्या की पाणी.

आणि त्या बंगल्याच्या खिडकीतून समोर स्पिनालोंगा दिसत होतं.

हे बघून आमचे हे खिडकीशीच उभे राहिले. पाण्यातून वर आलेला तट, गोल बुरूज, मागे उतरतं ऊन. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गो, हो आमचो किल्लोच." मालवणच्या बंदरावर उभं राहिलं की सिंधुदुर्ग जसा अंगावर येतो, तसंच ते होतं. फक्त माड नव्हते.

स्पिनालोंगाला आम्ही २९ तारखेला गेलो. होड्या ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंतच, मग तेही बेट एप्रिलपर्यंत बंद. समोरच्या प्लाका गावातून दहा मिनिटं लागतात. होडीत आम्ही धरून सात माणसं. हा किल्ला व्हेनिसच्या लोकांनी १५७९ पासून बांधायला घेतला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला तेव्हा क्रीटमध्ये कँडिया शहर, म्हणजे आजचं इराक्लिओ, तुर्कांच्या वेढ्यात होतं. तो वेढा एकवीस वर्षं चालला. १६६९ मध्ये शहर पडलं, सगळं बेट तुर्कांकडे गेलं, पण हा एवढासा किल्ला व्हेनिसकडे १७१५ पर्यंत टिकला. हे ऐकून आमच्या ह्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. दर्यातला किल्ला टिकला की मालवणी माणूस विहीर शोधतो. सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत, चारी बाजूंनी खारं पाणी असताना. इथे विहीर नाही. पावसाचं पाणी उतारावरून टाक्यांत उतरवायचं आणि वर्षभर पुरवायचं. त्या टाक्यांच्या तोंडाशी आमचे हे वाकून वाकून बघत होते.

पण स्पिनालोंगा लोकांना माहीत आहे ते दुसऱ्याच कारणासाठी. १९०३ मध्ये क्रीटच्या तेव्हाच्या सरकारनं ठरवलं की बेटावरचे कुष्ठरोगी इथे आणून ठेवायचे आणि पुढच्या वर्षापासून माणसं यायला लागली. १९५७ पर्यंत ही वसाहत होती. आत शिरायचा रस्ता एका बोगद्यातून आहे, वळणाचा, त्यामुळे आत गेल्यावर पुढचं दिसत नाही आणि मागचा उजेड संपतो. मी तिथे भिंतीला हात लावून चालले. इथून आत गेलेली बहुतेक माणसं परत याच वाटेनं बाहेर आली नाहीत.

आत घरं आहेत, दुकानांची ओळ आहे, कपडे धुण्याची जागा आहे. एका घराच्या निळ्या दरवाजाची चौकट शाबूत आहे आणि तिच्यावरचा कडीचा खिळाही. १९३६ मध्ये रेमुंडाकीस नावाचा कायद्याचा विद्यार्थी इथे आणला गेला. त्यानं रुग्णांची संघटना उभी केली. घरांना चुना लावला, रस्ते झाडले जाऊ लागले, नाटकं होऊ लागली, लग्नं लागली. औषध निघाल्यावर माणसं बरी होऊन बाहेर पडली आणि वसाहत मिटली. पण एक धर्मगुरू १९६२ पर्यंत तिथेच राहिला. त्यांच्यात माणूस गेल्यावर ठरावीक दिवसांनी, मग वर्षानं, तीन वर्षांनी, पाच वर्षांनी प्रार्थना करावी लागते. शेवटी गेलेल्यांची पाच वर्षं भरेपर्यंत तो थांबला. मागे कोणी नसलेल्यांचं करायला कोणीतरी हवं, म्हणून एक माणूस त्या बेटावर थांबला, हे ऐकून माझ्या घशाशी आलं.

आमच्या घरी सासूबाईंनी आनंदवनातून मागवलेली एक सतरंजी होती. कडेला लाल पट्टा. बाबा आमट्यांचं नाव मी पहिल्यांदा त्या सतरंजीमुळे ऐकलं, नवी सून असताना. सासूबाई ती पाहुण्यांना अंथरायच्या आणि कोणी काही बोललं तर स्पष्ट सांगायच्या की ही तिथल्या हातांनी विणलीय, बसायचं तर बसा. त्या दिवशी स्पिनालोंगाच्या स्मशानाजवळच्या पायरीवर बसून मी लेकीला ही गोष्ट सांगितली. तिला माहीत नव्हती. तिनं फक्त सतरंजी पाहिली होती.

आदल्या दिवशीचं राहिलं, २८ तारीख. तो दिवस त्यांचा राष्ट्रीय सण, 'ओही' म्हणजे 'नाही'. १९४० मध्ये मुसोलिनीनं निर्वाणीचा खलिता धाडला आणि ग्रीसच्या पंतप्रधानांनी, मेटाक्सासनं, नाही म्हटलं, त्याचा हा दिवस. आयोस निकोलाओस गावात शाळांची संचलनं बघितली, पांढरे सदरे, निळे झेंडे, कडेला फोन उंच धरलेल्या आया. आपल्या १५ ऑगस्टची आठवण यावी असंच. हॉटेलातली निम्मी माणसं मुलांना बघायला आली होती. सकाळी न्याहारी वाढणारा मुलगा तिथे खांद्यावर भाचीला घेऊन उभा होता आणि आम्हाला बघून त्यानं लांबून हात हलवला. जुलैत त्याला ही सुट्टी मिळाली नसती.

आता हॉटेलातलं सांगते, कारण खरं तर मला तेच सांगायचंय.

हाउसकीपिंगची प्रमुख बाई माझ्याच वयाची होती. इंग्रजी तिचंही तुटक, माझंही तुटक. दुसऱ्या दिवशी खोली बदलताना मी सवयीनं आमच्या जुन्या पलंगावरची चादर काढून, चार कोपरे जुळवून घडी घातली. ती दारात उभी राहून बघत होती. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं, मग घडीकडे, आणि विचारलं, "हॉटेल?" मी पाच बोटं दाखवली आणि म्हटलं, "फाइव्ह रूम्स." ती मोठ्यानं हसली आणि तिनं माझा हात धरला. त्यानंतर रोज अकराच्या सुमाराला ती मला न्यायला यायची. लेक म्हणाली, आई, तू सुट्टीवर आलीयस. मी म्हटलं, हीच माझी सुट्टी.

तिनं मला बंद झालेले बंगले दाखवले. गाद्या पलंगावर आडव्या ठेवत नाहीत, भिंतीला टेकवून उभ्या करतात, मध्ये हात जाईल एवढी फट ठेवून. छोट्या फ्रिजचं दार पूर्ण मिटत नाहीत, एक गुंडाळलेला टॉवेल अडकवतात, म्हणजे आत वास कोंडत नाही. नळांवर आणि दाराच्या कड्यांवर बोटानं व्हॅसलिनचा पातळ हात फिरवतात, खाऱ्या वाऱ्यानं गंज चढू नये म्हणून. आरामखुर्च्यांच्या गाद्या आधी गोड्या पाण्यानं धुवायच्या, दोन दिवस उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवायच्या, मग मागे कापडी पट्टीवर बंगल्याचा नंबर शिवलेला असतो तो बघून गठ्ठे बांधायचे. संत दिमित्रीचं ऊन याच कामासाठी हवं असतं, असं तिनं खुणेनं सांगितलं: आधी वर सूर्याकडे बोट, मग गादीवर थाप, मग दोन्ही हात जोडून आकाशाकडे. पाऊस लवकर आला तर ओल्या गाद्या आत ठेवाव्या लागतात आणि एप्रिलमध्ये उघडल्यावर काळे ठिपके. ते ठिपके मला ओळखीचे आहेत. आमच्या उत्तरेकडच्या खोलीत ऑगस्टमध्ये भिंतीच्या पायथ्याशी तेच येतात.

चादरींचं कपाट उघडलं तर वास आला आणि मी थबकले. प्रत्येक थरात तमालपत्रं पसरलेली होती. झाड हॉटेलच्या मागेच होतं, ताजी पानं सावलीत सुकवून घालतात. कसर लागत नाही. आम्ही कडुलिंबाचा पाला आणि डांबर गोळ्या घालतो, पण डांबर गोळ्यांचा वास पाहुण्यांना आवडत नाही, चादर तीनदा वाऱ्यावर टाकावी लागते. मी तिला फोनवर कडुलिंबाचा फोटो दाखवला. तिनं पान मोठं करून बघितलं आणि विचारलं, कडू? मी तोंड वाकडं करून दाखवलं. तेवढ्यावर आम्ही दोघी खाली बसून हसलो.

जेवणात रोज काहीतरी कमी होत होतं आणि मला ते बघायला मनापासून आवडत होतं. पहिल्या दिवशी सहा प्रकारचं चीज, तिसऱ्या दिवशी दोन. मग स्वयंपाकघरातली माणसं जे स्वतः खात होती तेच आम्हालाही यायला लागलं, आम्ही मागितलं म्हणून. मसूराची पातळ आमटी, वरून ऑलिव्हचं तेल. बार्लीच्या कडक टोस्टवर, ज्याला ते पाक्सिमादी म्हणतात, किसलेला टोमॅटो आणि मिझिथ्रा नावाचं मऊ चीज. आणि एका ताटात उकडलेली पालेभाजी, तेल आणि लिंबू. पहिला घास घेतला आणि मी ह्यांच्याकडे बघितलं. माठ! त्यांच्या भाषेत व्लिता. फोडणी नाही, ओलं खोबरं नाही, लसूण नाही, पण माठ तो माठच. माळीकाका फुलांच्या वाफ्यातून तण उपटत होते त्यातही मला घोळ दिसली, बारीक जाड पानांची, लालसर देठांची. मी वाकून एक काडी तोडून तोंडात टाकली तर ते घाबरले, मग खूप खूश झाले. त्यांनी टोपलीत बाजूला काढलेली मूठभर घोळ मला दाखवली. ग्लिस्त्रिदा. ती संध्याकाळच्या कोशिंबिरीत आली. ऑगस्टच्या पाहुण्याला या हॉटेलात लॉबस्टर मिळत असेल. माळीकाकांच्या टोपलीतली घोळ काही मिळत नसेल.

३० तारखेला सकाळी आमचे हे न्याहारीला नव्हतेच. शोधायला खाली गेले तर हॉटेलच्या धक्क्यापाशी चार माणसं एक लाकडी होडी वर काढत होती आणि पाचवे हे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पाहुण्यांना फिरवायची छोटी होडी, निळी-पांढरी. त्यांना कोणी बोलावलं होतं की हे आपणच गेले, मला माहीत नाही. होडीखाली गोल ओंडके, त्यांना चरबी लावलेली. मागचा ओंडका मोकळा झाला की धावत पुढे आणून नाळेखाली घालायचा, तेवढ्यात बाकीच्यांनी खांदा लावायचा. भाषेची गरजच नव्हती. एक म्हातारा काहीतरी लांबट ओरडायचा आणि शेवटच्या अक्षरावर सगळे जोर लावायचे, अगदी आपल्यासारखंच. तिसऱ्या खेपेला हेही त्याच शेवटच्या अक्षरावर ओरडायला लागले. होडी वर आली तेव्हा त्या म्हाताऱ्यानं आधी तळाला शेवाळ कुठे धरलंय तिथे हात फिरवला, मग ह्यांनी त्याच जागी हात फिरवला आणि दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. तळाची एक फळी एप्रिलच्या आत बदलायला हवी होती. वर येताना हे म्हणाले, "हय सगळा आमच्यासारख्याच आसा गो." अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी त्यांना सुट्टीवर इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. तसे आम्ही सुट्टीवर फारसे गेलोही नव्हतो.

त्या रात्री पाऊस आला. आधी वारा फिरला, दक्षिणेकडून, आणि मग पत्र्यावर नाही तर दगडावर पडणारा पाऊस, ज्याचा आवाज वेगळाच, जवळजवळ नसल्यासारखा. मी गच्चीत आले. उतारावरच्या सगळ्या बंगल्यांत आमचा धरून तीन ठिकाणी दिवे होते. वाटेवरचे दिवेही त्यांनी एक आड एक ठेवले होते. समोर स्पिनालोंगा पूर्ण काळोखात. कोरड्या मातीचा वास आला, आणि तोच वास होता, सात जूनला आमच्या पडवीत येतो तो.

सकाळी हाउसकीपिंगवाली बाई भिजलेल्या वाटेवरून जवळजवळ पळत आली. गाद्या सगळ्या आत होत्या, कोरड्या. पण तिचा आनंद त्याचा नव्हता. तिच्या गावी ऑलिव्हची झाडं आहेत, तिच्या वाट्याला आलेली साठेक. वेचणी नोव्हेंबरात सुरू होते आणि त्याआधी एक तरी पाऊस हवा, म्हणजे फळ भरतं. उन्हाळाभर तिनं त्या झाडांकडे बघितलं नव्हतं. एप्रिल ते ऑक्टोबर हॉटेल, मग ऑलिव्ह, मग काही महिने सरकारी बेकारभत्ता, मग पुन्हा हॉटेल. बहुतेकांचं तसंच. कोणी वेचणीला जाणार होतं, कोणी त्सिकुदिया गाळायला. वाइनसाठी द्राक्षं पिळून उरलेल्या चोथ्याची ती दारू, आणि भट्टीच्या निखाऱ्यात बटाटे भाजत सगळं गाव रात्रभर बसतं म्हणे. रिसेप्शनवरची मुलगी मात्र अथेन्सला परत चालली होती आणि पुढच्या वर्षी येईन की नाही ते तिला ठाऊक नव्हतं. ते सांगताना ती कीबोर्ड पुसत होती, एकेक बटण.

निघताना बाईनं माझ्या हातात कापडात बांधलेली तमालपत्रं दिली. मी तिला माझ्याकडची कोकमं दिली, लेकीसाठी आणलेल्यातली, आणि सरबत कसं करायचं ते लेकीकडून लिहून दिलं. ती म्हणाली, "कालो हिमोना." ग्रीक माणसं उन्हाळा संपला की एकमेकांना असं म्हणतात: हिवाळा चांगला जावो. 'हिमोना'तला 'हिम' माझ्या कानानं लगेच पकडला, आपल्या हेमंतातला 'हिम' आणि हा एकाच कुळातले. आमच्याकडे असा शब्द नाही. मेअखेरीस शेवटचा पाहुणा गेला की आम्ही फाटक लावतो आणि ताडपत्र्या काढतो, कोणी कोणाला काही म्हणत नाही. म्हणायला हवं असं मला वाटलं.

लेकीनं तिला सांगितलं की आईचा सीझन तर आता सुरू होतोय, हिवाळ्यातच त्यांच्याकडे माणसं येतात. बाई क्षणभर विचारात पडली. मग माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "कालो कालोकेरी." लेकीनं अर्थ सांगितला: उन्हाळा चांगला जावो.

घरी येऊन तीन आठवडे झाले. पाचही खोल्या भरलेल्या आहेत, डिसेंबर तर आत्ताच भरलाय. तमालपत्रं चादरींच्या कपाटात घातलीत. डांबर गोळ्या मी सगळ्या काढून टाकल्या, जाऊबाई म्हणाली कसर लागली तर तू जबाबदार. काल लेकीनं बाईचा फोटो पुढे पाठवला. झाडाखाली हिरवी जाळी पसरलेली, तिच्यावर काळी-जांभळी बारीक फळं आणि कडेला तिचे गमबूट. खाली लिहिलंय, पाऊस पुरेसा झाला. मी मागच्या अंगणात गेले आणि दोरीवर वाळत घातलेल्या दहा चादरींचा फोटो काढून पाठवला.